बांधावरचे गवत आणि माझी चूक

गुरुजींनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी ‘माझा अनुभव’ हा विषय दिला आहे. कोणी जत्रेचे लिहिले आहे, कोणी विहिरीत पोहायला शिकल्याचे लिहिले आहे. मी गाजर गवताचे लिहिणार आहे. माझा मित्र म्हणाला, “गवताचं काय लिहायचं असतंय?” आणि हसला. पण त्या गवतापायी आमची भेंडी गेली आणि ताईची सायकल राहिली. त्यात माझी पण चूक आहे. म्हणून मी लिहितो.

आमचे गाव हवेली तालुक्यात आहे. पुणे शहर जवळच आहे. रात्री अंगणात झोपलो की पुण्याच्या बाजूचे आभाळ उजेडाने तांबूस दिसते. खडकवासला धरणाचा कालवा आमच्या शिवारातून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात पण आमच्याकडे भाजीपाला होतो. आमचे रान सव्वा एकर आहे. निम्म्यात ऊस आहे आणि निम्म्यात भाजी करतात. अण्णा म्हणजे माझे वडील पहाटे टेम्पोने भाजी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेतात. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. तिथे इतकी भाजी असते की एवढी कोण खाते, असे मला वाटले. अण्णा म्हणाले, “समदं पुणं खातंय.”

या वर्षी फेब्रुवारी महिन्यात अण्णांनी १५ गुंठे भेंडी लावली. ताई तेव्हा सातवीत होती. आठवीला तिला शेजारच्या गावच्या हायस्कुलात जायचे होते. ते ४ किलोमीटर लांब आहे. अण्णा म्हणाले होते, “भेंडीचं पैसं आलं की ताईला सायकल घेऊ.” ताईने सायकलचा रंग पण ठरवला होता. निळा.

भेंडी चांगली आली. भेंडीचे फूल पिवळे असते आणि आत गडद लाल असते. दीड महिन्याने तोडे सुरू झाले. एक दिवसाआड तोडावी लागते, नाही तर जून होते आणि मग तिला कोणी विचारत नाही. भेंडी तोडताना हाताला खाज सुटते. म्हणून आई बोटांना चिंधी गुंडाळते. पहिले तोडे फार चांगले गेले. अण्णा मार्केटवरून येताना जिलबी आणायचे.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या बांधावर आणि कालव्याच्या कडेला गाजर गवत फार आहे. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात आणि फुले बारीक पांढरी असतात. कोणी त्याला काँग्रेस गवत पण म्हणतात. जनावरे ते खात नाहीत. चुकून गाईने खाल्ले तर दूध कडू लागते. आमच्या आजीला ते लागले की तिच्या हाताला पुरळ येते आणि शिंका येतात. म्हणून एका रविवारी अण्णा मला म्हणाले, “बांधावरचं गाजर गवत उपट. हाताला पिशव्या घाल. आन् उपटलेलं समदं वढ्याकडच्या खड्ड्यात नेऊन टाक. हितं तिथं टाकू नको.”

मी हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि गवत उपटायला लागलो. काही झाडांच्या देठांना पांढरे पांढरे लागले होते. आजी भाकरी थापताना पिठाचा हात कुठे पुसला की जसे दिसते तसे ते दिसत होते. मला वाटले धूळ असेल, नाही तर कापूस चिकटला असेल. त्यावर काळ्या मुंग्या फिरत होत्या. मी काही लक्ष दिले नाही.

एवढ्यात पोरांनी मला क्रिकेट खेळायला हाक मारली. ओढ्याकडचा खड्डा लांब होता. गवताचे दोन भारे झाले होते. मी ते भारे भेंडीच्या सऱ्यांमधून ओढत नेले आणि पाटाच्या तोंडाला भेंडीच्या अगदी शेजारी टाकून दिले. वरून पालापाचोळा टाकला म्हणजे कोणाला दिसणार नाही. मग मी खेळायला गेलो. संध्याकाळी अण्णांनी विचारले, “टाकलं का खड्ड्यात?” मी म्हटले, “हो.”

पुढे पंधरा दिवसांनी मी पाटावर हातपाय धुवायला गेलो. तेव्हा पाटाच्या तोंडाजवळच्या चार-पाच भेंड्यांच्या शेंड्यांना तसेच पांढरे पीठ दिसले. मुंग्या पण होत्या. मी ओळखले की हे गवतावरचेच आहे. पण मी घरी सांगितले नाही. सांगितले असते तर गवत कुठे टाकले ते पण सांगावे लागले असते. मला वाटले, जाईल आपोआप.

ते गेले नाही. आठ दिवसांनी अण्णांना दिसले तेव्हा तीन सऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. पाने आकसली. शेंडे वाकडे झाले. पानांवर तेल सांडल्यासारखे चिकट झाले आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी आली. भेंडी पण चिकट आणि काळी झाली. अण्णांनी औषध आणून फवारले. चार दिवस बरे वाटले. मग परत पहिल्यापेक्षा जास्त. अण्णांनी दुसरे महाग औषध फवारले. तरी तेच. मार्केटला आमची भेंडी बघून लोक बाजूला सारायचे. एकदा तर अण्णा निम्मा माल परत घेऊन आले आणि गाईपुढे टाकला. त्या दिवशी जिलबी नव्हती. रात्री मी आई-अण्णांचे बोलणे ऐकले. आई म्हणाली, “बियाणं आन् औषधाचं तरी निघंल का?” अण्णा काहीच बोलले नाहीत. ताई माझ्या शेजारीच झोपली होती. ती जागी होती. मला फार वाईट वाटले, पण तरी मी बोललो नाही.

मग कोणीतरी अण्णांना सांगितले की पुण्याला शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, तिथे किडीचा नमुना दाखवा. तेव्हा आम्हाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. अण्णा मला म्हणाले, “चल संगं.” आम्ही रोगट भेंडीचा एक शेंडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधले आणि बसने गेलो. कृषी महाविद्यालय फार जुने आहे. इमारत दगडी आहे आणि मोठमोठी झाडे आहेत. मला वाटले होते शहरात शेत नसते, पण तिथे आत शेत पण आहे.

तिथल्या बाईंनी पिशवी उघडायच्या आधी खाली पांढरा कागद अंथरला. त्या म्हणाल्या, “पिशवीत बांधून आणलंत हे फार चांगलं केलंत. उघडं आणलं असतं तर बसमध्ये सगळीकडे सांडत आला असता.” मग त्यांनी मला भिंग दिले. मी भिंगातून पाहिले आणि घाबरलोच. ते पीठ नव्हते. ते किडे होते. अंड्याच्या आकाराचे, अंगावर पांढरी भुकटी आणि पाठीवर काळसर पट्टे. बाई म्हणाल्या, “हा पिठ्या ढेकूण. मिलीबग पण म्हणतात. अंगावरची भुकटी मेणाची आहे. त्याच्यावर पाणी ठरत नाही, तसं औषधही नीट लागत नाही.”

बाईंनी पुष्कळ माहिती सांगितली. मी घरी येऊन वहीत लिहून ठेवली आहे. ती अशी :

मादीला पंख नसतात. ती कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यातून पिवळसर पिल्ले निघतात. ती इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. पण ती चालतात. वाऱ्याने उडतात, पाण्याबरोबर वाहतात, आपल्या कपड्यांना आणि खुरप्याला चिकटून जातात. झाडावर बसली की सोंड खुपसून रस पितात. रस जास्त झाला की गोड चिकटा बाहेर टाकतात. तो चिकटा खायला मुंग्या येतात. मुंग्या चिकटा खातात आणि त्याच्या बदल्यात किड्याची राखण करतात. त्याचा शत्रू आला की त्याला हाकलतात. आपण जशी गाय सांभाळतो तसेच हे आहे.

हा किडा मूळचा अमेरिकेचा आहे. १८९८ साली तिथल्या न्यू मेक्सिको भागात तो पहिल्यांदा शास्त्रज्ञांनी नोंदवला. आपल्या देशात २००५ नंतर तो कपाशीवर फार आला. पंजाब, हरियाणा, गुजरात आणि आपल्या महाराष्ट्रात पण कपाशीचे नुकसान झाले. भेंडी ही कपाशीच्याच कुळातली आहे. जास्वंद आणि अंबाडी पण त्याच कुळातली. म्हणून त्याला भेंडी आवडते.

मग बाईंनी अण्णांना विचारले, “तुमच्या बांधावर कोणतं गवत आहे?”

अण्णा म्हणाले, “गाजर गवत लई हाय.”

बाई म्हणाल्या, “मग तिथंच त्याचं घर. रानात पीक नसतं तेव्हा हा किडा कुठं जातो, असं तुम्हाला वाटतं? मरत नाही. बांधावरच्या तणावर जाऊन राहतो. गाजर गवतावर, पेटारीवर. तुम्ही पीक लावलंत की परत येतो.”

मला ते लगेच समजले. आमची शाळा बंद झाली की आम्ही मामाच्या घरी जातो आणि शाळा उघडली की परत येतो. तसे गवत म्हणजे या किड्याच्या मामाचे घर आहे. तिथे तो खातो, पितो आणि त्याची पोरेबाळे होतात. आपण रानात कितीही औषध मारले तरी मामाचे घर शिल्लक असते.

बाई म्हणाल्या की असे पुष्कळ किडींचे असते. ओढ्याकाठी बरू नावाचे गवत असते. ते ज्वारीच्या नात्यातले आहे. ज्वारी नसली की ज्वारीचा खोडकिडा त्यावर राहतो. भेंडीचा केवडा रोग पांढरी माशी पसरवते. ती पण तणांवर राहते. मक्याची लष्करी अळी अमेरिकेतून आली. २०१८ साली ती आपल्या देशात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली. तिला पण गवते चालतात. म्हणून शेतकऱ्याने नुसते पीक बघून चालत नाही, बांध पण बघावा लागतो.

गाजर गवताची गोष्ट तर मला फारच नवलाची वाटली. ते पण मूळचे अमेरिका खंडातले आहे. आपल्या देशात ते पहिल्यांदा लक्षात आले ते पुण्यातच. १९५५ साली पुण्यात उकिरड्यावर ते दिसले, अशी नोंद आहे. लोक म्हणतात की ते परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आले. आता ते सगळ्या भारतात आहे. एका झाडाला ५,००० पासून २५,००० पर्यंत बी येते. बी इतके हलके असते की वाऱ्याने आणि पाण्याने कुठेही जाते. म्हणजे गवत पण तिकडचे आणि किडा पण तिकडचा. दोघे वेगवेगळ्या वाटांनी इकडे आले आणि आमच्या बांधावर त्यांची गाठ पडली.

शेवटी बाईंनी विचारले, “कीड पहिल्यांदा कोणत्या कोपऱ्यात दिसली?”

अण्णा म्हणाले, “पाटाच्या तोंडाला. तितनं पसरली. पण बांध तर दुसऱ्या अंगाला हाय. तितं कशी आली काय ठावं.”

बाई म्हणाल्या, “तिथं कुणी उपटलेलं तण टाकलं होतं का? तण वाळायला लागलं की किडा उतरून शेजारच्या हिरव्या झाडावर जातो.”

अण्णा म्हणाले, “न्हाई. समदं खड्ड्यात टाकलं व्हतं.”

माझे पोट एकदम ढवळले. मी भिंगाकडे बघत राहिलो. बाईंनी सांगितलेले उपाय अण्णांनी माझ्या हातानेच कागदावर लिहून घेतले. पण माझे अक्षर वेडेवाकडे आले.

परत येताना बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटमध्ये, रेल्वेच्या रुळांशेजारी, जिथे बघावे तिथे गाजर गवत होते. पुण्यात एवढ्या उंच इमारती आहेत, पण त्यांच्या भिंतींच्या खाली पण तेच. मला वाटले, ही सगळी गवते माझ्याकडेच बघत आहेत. हडपसर मागे गेल्यावर माझ्याने राहवले नाही. मी म्हटले, “अण्णा, मी गवत खड्ड्यात टाकलं नव्हतं. पाटापाशी टाकलं होतं. आन् भेंडीवर किडा मला आधीच दिसला होता.” आणि मी रडायला लागलो.

अण्णा मारतील असे मला वाटले. त्यांनी मारले नाही. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “गवत टाकलंस ते टाकलंस. मला तरी कुठं ठावं व्हतं त्यात किडा हाय म्हणून? मी पण टाकलं असतं येखाद्या टायमाला. पण दिसल्यावर सांगायचं हुतंस. चार झाडं हुती तवा उपटून जाळली असती तर पंधरा गुंठं वाचलं असतं.”

मला तेव्हा कळले की गवत टाकले ही माझी लहान चूक होती आणि गप्प बसलो ही मोठी चूक होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे कामाला लागलो. ज्या सऱ्या पूर्ण गेल्या होत्या त्यातली झाडे अण्णांनी आणि मी उपटली. ती ओढत न नेता जागेवरच पोत्यात भरली, तोंड बांधले आणि मोकळ्या जागेत नेऊन जाळली. जी थोडी लागलेली होती त्यांचे नुसते शेंडे खुडून पिशवीत घातले. आजीने निंबोळ्या कुटून दिल्या. अर्धा किलो निंबोळ्यांची पूड रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, थोडा साबण टाकायचा आणि सगळे मिळून १० लिटर पाणी करायचे. तो अर्क संध्याकाळी फवारायचा. त्याचा वास फार कडू येतो. आई पानांच्या खालून फवारत होती, कारण किडा खालच्या अंगाला असतो. मुंग्यांची वारुळे अण्णांनी खणून काढली.

बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. आमच्याच शेंड्यावर काही किडे पांढरे नव्हते. ते तपकिरी, फुगलेले आणि कडक झाले होते. बाई म्हणाल्या, “हे मेलेले आहेत. एक बारीक माशी पिठ्याच्या अंगात अंडं घालते. तिचं पिल्लू त्याला आतून खातं. असे तपकिरी किडे दिसले तर ते काढू नका. त्यातून माशा निघतील आणि तुमचं काम करतील.” महाग औषधाने या माशा पण मरतात. म्हणून अण्णांनी मग ते औषध परत मारले नाही. दुसरा एक भुंगा पण पिठ्या खातो. त्याची अळी पांढरी केसाळ असते आणि अगदी पिठ्यासारखीच दिसते. पुष्कळ लोक तिला पिठ्या समजून चिरडतात. हा भुंगा मूळचा ऑस्ट्रेलियाचा आहे आणि तो १८९८ सालीच आपल्या देशात मुद्दाम आणला. तेव्हा पिठ्यासारखे दिसले की लगेच चिरडू नका. जोरात पळत असेल तर ती मित्राची अळी असते. पिठ्या हळू हलतो.

निम्मी भेंडी वाचली. पण तोवर हंगाम संपत आला होता. बियाण्याचे, खताचे आणि औषधाचे पैसे फिटले. सायकलचे पैसे राहिले नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पाऊस लांबला होता. मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, “आपण शाळेच्या वाटेवर बघू या.” मग आमच्या वर्गाने शाळेपासून कालव्यापर्यंतची झाडे पाहिली. गाजर गवताची २० झाडे पाहिली, त्यात ७ झाडांवर पिठ्या होता. पेटारीच्या ५ झाडांत २ झाडांवर होता. शाळेच्या जास्वंदीच्या शेंड्यावर पण होता. हरळी आणि लव्हाळ्यावर आम्हाला एकही दिसला नाही. मुलींनी तक्ता केला, तो या भित्तिपत्रकाच्या शेजारी लावला आहे. जास्वंदीचा शेंडा गुरुजींनी कापून जाळला. पुढे मोठा पाऊस झाल्यावर परत पाहिले, तेव्हा पिठ्या फार कमी झाला होता. पावसाने तो धुऊन जातो. पण काही देठांच्या बेचक्यात शिल्लक होताच.

तक्ता बघून आमच्यातली दोन-तीन पोरे म्हणाली, “बांधावरचं समदंच उपटून टाकू.” मी घरी आजीला विचारले. आजी म्हणाली, “आरं, समदंच गवात वैरी नसतंया. हरळीनं बांधाची माती धरून ठिवलीया. तांदुळजा आन् टाकळा तर आपुन खातो. वैरी कोण ते वळखावं आन् त्यालाच उपटावं.” आजी शाळेत गेलेली नाही, पण गुरुजी म्हणाले की आजीचे बरोबर आहे. टाकळा दाट उगवला की तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. म्हणून शेतीखात्याचे लोक पण गाजर गवताच्या जागी टाकळ्याचे बी टाकायला सांगतात. आम्ही यंदा बांधावर दोन ओंजळी टाकळ्याचे बी टाकले. ते उगवले आहे. पहिल्या कोवळ्या पाल्याची आजीने लसूण घालून भाजी केली होती.

पावसाळ्यात आणखी एक गंमत दिसली. कालव्याच्या कडेच्या गाजर गवताची पाने कोणीतरी खाल्ली होती. चाळणीसारखी भोके पडली होती. बघतो तर त्यावर मुगाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे भुंगे. पिवळट पांढरे आणि पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. गुरुजींनी सांगितले की हा मेक्सिकन भुंगा. गाजर गवत खायला म्हणून तो १९८३ साली मेक्सिकोहून बंगलोरला आणला. आधी तपासून बघितले की तो आपली पिके खाऊन टाकत नाही ना, आणि मग १९८४ साली मोकळा सोडला. आता तो पुष्कळ ठिकाणी पसरला आहे. त्याच्या अळ्या पण गवत खातात. आम्ही काही भुंगे डबीत घालून आमच्या बांधाच्या टोकाला राहिलेल्या गाजर गवतावर सोडले. पण तो उन्हाळ्यात दिसत नाही, जमिनीत झोपून राहतो. म्हणून सगळे काम त्याच्यावर सोडून चालणार नाही. उन्हाळ्यातले गवत आपणच काढले पाहिजे.

बालमित्रांनो, मी मोठा माणूस नाही, तरी तुम्हाला चार गोष्टी सांगतो.

गाजर गवत फुलावर यायच्या आधी मुळासकट उपटा, म्हणजे बी पडणार नाही. पाऊस पडल्यावर माती ओली असते तेव्हा ते सहज उपटते. उपटताना हाताला पिशवी बांधा आणि नाकाला रुमाल बांधा.

उपटायच्या आधी देठाला पांढरे पीठ आहे का ते बघा. असले तर ते झाड जागेवरच पिशवीत घाला. पिकातून ओढत नेऊ नका आणि पाटात तर मुळीच टाकू नका. पाणी त्याला सगळ्या रानात फिरवून आणते.

रोगट पिकातून आल्यावर चांगल्या पिकात लगेच जाऊ नका. कपडे झटका आणि खुरपे धुवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काही वेगळे दिसले तर लगेच घरी सांगा. आपली चूक असली तरी सांगा. बोलणी बसली तर बसू द्या. किडा आपल्या भीतीसाठी थांबत नाही.

ताई आता आठवीत गेली आहे. ती रोज चालत हायस्कुलात जाते. ती मला एकदा पण काही बोलली नाही. मी रोज सकाळी ओढ्यापर्यंत तिचे दप्तर घेऊन जातो आणि मग पळत आपल्या शाळेत येतो. म्हणून कधी कधी मला प्रार्थनेला उशीर होतो. गुरुजींना आता त्याचे कारण कळले असेल.

अण्णा परत भेंडी लावणार आहेत. या वेळी बांध बघायचे काम माझ्याकडे आहे. मी दर रविवारी चारी बांध फिरून बघतो आणि पांढरे दिसले की हाक मारतो. दोनदा नुसती धूळच निघाली. पण अण्णा दोन्ही वेळा हातातले काम टाकून बघायला आले.

हा लेख मी आधी ताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “सायकलचं कशाला लिहिलंस?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “राहू दे. पण ऱ्हस्व-दीर्घ नीट कर.” मी नीट केले आहे. तरी काही चुकले असेल तर माफ करावे.